मॉरिशसमधल्या घराचा सल्ला, मुक्काम वाशी: वड्याला चार तारे, आलेखाला एक

मॉरिशसमध्ये घर घ्यायचा सल्ला विकणाऱ्या या कंपनीचं नाव लिहीत नाही. पैसे परत यायचे आहेत अजून.

फुकटच्या सेमिनारला जाऊन बसणाऱ्यांतली मी नव्हे. पण आमचे धाकटे दीर खारघरला असतात. त्यांनी गेल्या वर्षी अलिबागकडची जागा विकली आणि तेव्हापासून जगातल्या एकूण एक बेटाची जाहिरात त्यांच्या फोनवर यायला लागली. शेवटी मॉरिशसवर मन बसलं. "वहिनी, तुम्ही एकतीस वर्षं बँकेत, त्यातली अकरा परदेशी विनिमयात. तुम्ही काही बोलू नका, नुसत्या शेजारी बसा." काही बोलू नका ही अट मी पाळणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

ऑगस्टातला शनिवार, धो धो पाऊस. नौपाड्यातून रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून वाशीची गाडी. तुर्भ्याला गाडी वीस मिनिटं उभी राहिली. हॉलवर पोचले तेव्हा साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला. दारातल्या मुलीने काही न विचारता टॉवेल आणून दिला, हे मुद्दाम लिहिते. हॉल वाशी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे, खुर्च्या चांगल्या, एसी मात्र मासळी टिकवायला लावल्यासारखा. शाल न्या.

बटाटेवडा गरम होता आणि सोबत सुकी लसणाची चटणी होती. हॉटेलात हिरव्या पातळ पाण्याला चटणी म्हणतात, त्या मानाने हे फारच बरं. एक तारा कापला तो मशीनच्या कॉफीसाठी.

आता कामाचं. सेवा दोन भागांत आहे. पहिलं दोन तासांचं फुकट सत्र, आणि मग ५,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० भरून "वैयक्तिक गुंतवणूक अहवाल" आणि पाऊण तासाची समोरासमोर भेट. भाऊजींनी दोन्ही घेतलं.

सत्राची सुरुवात निळ्या समुद्राने झाली, ती होणारच. दुसऱ्या पडद्यावर मोठ्ठा गणपती. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, मराठी माणसं आहेत, शाळेत मराठी शिकवतात. हे सगळं खरं आहे. पण पुढे सत्र घेणारा मुलगा म्हणाला, "आपले पूर्वज तिथे व्यापारासाठी गेले." माझ्या मागच्या रांगेतले एक रत्नागिरीकडचे आजोबा ताडकन उठले. म्हणाले, "व्यापाराला नाही हो, ऊस कापायला गेले. करारावर." हॉल गप्प. आजोबांचं बरोबर होतं. १८३४ पासून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तिकडे न्यायला सुरुवात केली. त्यांत बिहार, तमिळ, तेलुगू मुलखातले होते तसे कोकणातलेही होते. राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर ही माणसं उतरायची, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या मुलाने "थँक यू काका" म्हणून पुढचा पडदा लावला. बरं, गणपतीची सुट्टी हा सव्वातीन कोटी रुपये गुंतवण्याचा आधार कसा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसरा मुद्दा माझ्या खात्यातला होता, म्हणून जरा थांबते. "भारतात सर्वांत जास्त परकीय गुंतवणूक कुठून येते? मॉरिशसमधून! विचार करा, किती श्रीमंत असेल तो देश!" माझ्या शेजारच्या बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. अहो, तो पैसा मॉरिशसचा नव्हे, मॉरिशसमार्गे येणारा. १९८२ च्या भारत-मॉरिशस कर-करारामुळे भारतातल्या शेअर्सवरच्या नफ्याला इथे कर लागत नसे आणि तिथेही लागत नसे. त्यामुळे अमेरिकेतला, युरोपातला आणि थोडा आपल्याच लोकांचा फेरफटका मारून आलेला पैसा पोर्ट लुईचा पत्ता लावून भारतात यायचा. साडेबारा लाख वस्तीचा देश वर्षानुवर्षे भारताचा पहिल्या क्रमांकाचा गुंतवणूकदार दिसायचा तो त्यामुळे. २०१६ मध्ये करार बदलला, आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सच्या नफ्यावर भारतात कर लागू झाला. आधी दोन वर्षं निम्म्या दराने, मग पूर्ण. २०२४ मध्ये आणखी एक दुरुस्ती सही झाली, की मुख्य हेतूंपैकी एक कर वाचवणं असेल तर सवलत मिळणार नाही. ठाणे स्टेशनातून रोज लाखो माणसं गाडी बदलतात, म्हणून ती ठाणेकर होत नाहीत. हे मी भाऊजींच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, आलेख येतोय."

आलेख आला. ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो हा.

शीर्षक होतं "मॉरिशस: भांडवली गुंतवणुकीत सातत्याने वाढ". हिरव्या काड्या, डावीकडे बुटकी, उजवीकडे छताला टेकलेली. खाली बारीक अक्षरात सरकारी सांख्यिकी विभागाचं नाव. पहिली काडी २०२० ची.

मी हात वर केला. "आलेख २०२० पासून का?"

"मॅडम, लेटेस्ट डेटा आहे."

लेटेस्ट शेवट असतो, सुरुवात नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये मॉरिशसने सीमा बंद केल्या, त्या पूर्ण उघडल्या १ ऑक्टोबर २०२१ ला. पर्यटनावर जगणारा देश दीड वर्ष पर्यटकांविना राहिला. त्या एका वर्षात अर्थव्यवस्था १४ टक्क्यांहून अधिक आकसली आणि भांडवली गुंतवणूक त्याहून जोरात आपटली. वर त्याच जुलैत वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं आणि हजारेक टन तेल समुद्रात गेलं. विहिरीच्या तळापासून मोजायला घेतलं तर जमिनीवर उभा असलेला माणूसही उंच दिसतो.

दुसरी गोम मला घरी आल्यावर सापडली. काड्या मॉरिशसच्या रुपयांत होत्या, चालू भावाने, म्हणजे महागाई न वगळता. २०१९ च्या अखेरीला एका डॉलरला साधारण ३६-३७ मॉरिशस रुपये पडत. २०२४ मध्ये ४६ च्या आसपास. त्या देशात यंत्रं बाहेरून येतात, लिफ्ट बाहेरून, सिमेंटसुद्धा बाहेरून. म्हणजे तेवढीच लिफ्ट बसवायला पूर्वीपेक्षा चौथाईने जास्त रुपये लागले की आलेखात ती "वाढ" झाली. आणि घर मात्र आपल्याला डॉलरमध्ये विकणार! आलेख रुपयात, बिल डॉलरात. बँकेत असताना असा तक्ता कोणी कर्जाच्या फाइलला जोडला असता तर आमच्या मोठ्या साहेबांनी फाइल टेबलावरून सरळ खाली सोडली असती.

रात्री भाकऱ्या करून झाल्यावर मी मॉरिशसच्या सांख्यिकी विभागाचे तक्ते उघडले. ते फुकट आहेत आणि, खरं सांगते, सुंदर आहेत. आपल्याकडे असं नेटकं सापडायला तास जातो. भांडवली गुंतवणुकीचे त्यांनी सरळ दोन ढीग केलेत. एक बांधकाम: राहती घरं, बिगर-निवासी इमारती, आणि रस्ते-धरणांसारखी इतर कामं. दुसरा यंत्रसामग्री. आणि मग एक ओळ दिसली जी वाचून मला हसू आलं: विमानं आणि जहाजं वगळून. एकूण आकडा ते दोनदा देतात, विमानं धरून आणि विमानं सोडून.

का? कारण देश एवढासा आहे. एक विमान विकत घेतलं की त्या वर्षीची देशाची गुंतवणूक उसळते, पुढच्या वर्षी विमान नाही म्हणून कोसळते. २०१७ मध्ये एअर मॉरिशसने नवी ए-३५० घेतली. तीन वर्षांत, एप्रिल २०२० ला, तीच कंपनी दिवाळखोरी टाळायला प्रशासकाच्या हाती गेली. भारतासारख्या देशात एका विमानाने आकडा हलत नाही. तिथे हलतो. आमच्या सोसायटीत एकाने गाडी घेतली तर "सोसायटीचा दरडोई खर्च वाढला" म्हणण्यातला प्रकार. म्हणून छोट्या बेटाचा कल बघायचा तर एका वर्षाची उडी बघायची नाही, विमान काढून सात-आठ वर्षं बघायची. हे त्यांचा सरकारी विभाग प्रामाणिकपणे सांगतो. वाशीच्या हॉलमध्ये विमानं धरूनचा आकडा लावला होता.

आणि तिसरी गोष्ट, जी खोटी नाही पण सांगितली गेली नाही. पुढच्या पडद्यावर परकीय गुंतवणुकीचा आकडा होता आणि बोलणारा दोन्ही एकच असल्यासारखा बोलत होता. ते एक नव्हे. भांडवली गुंतवणुकीत नवं उभं राहिलेलं मोजतात, म्हणजे भिंत, यंत्र, रस्ता. जमिनीची किंमत त्यात येत नाही, कारण जमीन कोणी तयार करत नाही. परकीय गुंतवणुकीत मात्र फ्रेंच माणसाने बंगला घेताना मोजलेली सगळी रक्कम येते, जमिनीसकट. आणि मॉरिशसमध्ये येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा अर्ध्याहून मोठा वाटा अलीकडे स्थावर मालमत्तेतच जातो. घेणारे मुख्यतः फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिकेकडचे.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. यामागे इतिहास आहे आणि तो मला आपला वाटला. स्वातंत्र्य मिळालं १९६८ मध्ये तेव्हा तिथे ऊस आणि उसाशिवाय काही नव्हतं. १९७० मध्ये निर्यात उद्योगांसाठी कायदा केला, कापड आणि कपड्यांचे कारखाने आले, बायका कामाला लागल्या, देश वर आला. मग २००५ च्या सुरुवातीला कोणत्या देशाने किती कापड विकायचं हे ठरवणारा जगातला कोटा रद्द झाला. पाठोपाठ युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं. दोन्ही पाय एकदम लटपटले. ऊस परवडेना, पण उसाखालची जमीन समुद्राकाठी होती. २००२ मध्येच परदेशी माणसाला आलिशान बंगला घेता यावा म्हणून एक योजना काढलेली होती. २००७ मध्ये दुसरी, २०१५ मध्ये दोन्ही एकत्र करून तिसरी. उसाच्या शेतात गोल्फची मैदानं आणि बंगले उभे राहिले.

ठाण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. रेमंडची गिरणी होती तिथे आज काय आहे? घोडबंदर रोडला जिथे तीन पाळ्यांचे भोंगे व्हायचे तिथे टॉवरच्या कमानी आहेत. वागळे इस्टेटमध्ये माझे वडील लेथवर काम करायचे, त्या गाळ्यात आता मॉड्युलर किचनचं दुकान आहे. सरकारी हिशेबात लेथही भांडवली गुंतवणूक आणि टॉवरही भांडवली गुंतवणूक, दोन्ही एकाच बेरजेत. पण लेथ दुसऱ्या दिवसापासून नटबोल्ट काढतो. टॉवर विकला गेला की बिल्डर पुढची जमीन शोधतो. मी आलेखाकडे बघताना एवढंच विचारत होते की ही काडी लेथची की टॉवरची. बोलणाऱ्याला ते माहीत नव्हतं. मॉरिशसच्या तक्त्यात मात्र ते वेगळं लिहिलेलं आहे.

उगाच एकतर्फी नको. इतर कामंही झालीत. एबेनला उसाच्या शेतात सायबर सिटी उभी राहिली, भारताच्या दहा कोटी डॉलरच्या कर्जातून. पोर्ट लुईहून क्युरपीपला जाणारी मेट्रो आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली, तिला भारताच्या २०१६ च्या ३५.३ कोटी डॉलरच्या मदतीतला मोठा हिस्सा मिळाला, आणि पहिल्या टप्प्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०१९ मध्ये झालं. त्या वर्षांच्या गुंतवणुकीतही ही एकटी मेट्रो डोकावते. पडद्यावर तिचा फोटो होता, "पायाभूत सुविधांचा स्फोट" म्हणून. एका रुळाला स्फोट म्हणणारे हे लोक आमच्या ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर रेल्वेला काय म्हणतील?

आता ५,९०० रुपयांचा अहवाल. बावीस पानं, त्यातली चौदा फोटोंची. भाऊजींचं आडनाव दोन ठिकाणी वेगवेगळं. पान सतरावर "करमुक्त स्वर्ग": मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर कर नाही, वारसा कर नाही. बरोबर, तिथे नाही. पण भाऊजी खारघरला राहतात. भारतात राहणाऱ्याचा जगभरातला नफा इथल्या करात मोजला जातो. शिवाय परदेशातलं घर दरवर्षी विवरणपत्राच्या वेगळ्या तक्त्यात दाखवावं लागतं, विसरलात तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड बसू शकतो. याबद्दल अहवालात चकार शब्द नाही.

राहण्याचा परवाना मिळायला निदान पावणेचार लाख डॉलरचं घर घ्यावं लागतं. ही अट २०२० मध्ये पाच लाखांवरून खाली आणली, म्हणजे त्यांनाही गिऱ्हाईक हवंच होतं. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने सव्वातीन कोटी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, म्हणून भाऊजी आणि माझी जाऊ दोघांच्या नावे पाठवायला लागणार. माणशी पहिले दहा लाख सोडून वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर (टीसीएस) आधीच घेते. हिशेब केला तर साठेक लाख. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. अहवालात यावर एकच ओळ: "किरकोळ टीसीएस लागू." साठ लाख किरकोळ!

आणि पान एकोणीस. "कमी पडणारी रक्कम भारतातील घर तारण ठेवून कर्जाने उभी करता येईल." इथे मी चष्मा काढून ठेवला. या योजनेखाली परदेशात मालमत्ता घ्यायला पैसे पाठवायचे असतील तर बँकेने त्यासाठी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. मी अकरा वर्षं हे फॉर्म तपासलेत. लोक काउंटरवर येऊन भांडायचे आणि मी हेच वाक्य सांगायचे. फी घेऊन दिलेल्या सल्ल्यात हे छापलेलं पाहून मला राग आला तो पैशांसाठी नाही. खारघरचं घर माझ्या जावेच्या नावावर आहे, म्हणून आला.

समोरासमोरची भेट मात्र चांगली झाली, आणि श्रेय भेटीला बसलेल्या मुलाचं. सव्वीस-सत्तावीसचा असेल, कोपरखैरण्याचा. मी पान एकोणीसवर बोट ठेवलं तेव्हा त्याने वाद घातला नाही. पुन्हा वाचलं, कान लाल झाले, म्हणाला, "काकू, हा मजकूर आम्हाला वरून येतो. मी स्वतः अजून मॉरिशसला गेलेलो नाही." मग त्याने खरी उपयोगाची गोष्ट सांगितली. परदेशी माणसाला तिथे कुठेही घर घेता येत नाही, फक्त मान्य योजनांमधलं, नाहीतर ठरावीक किमतीच्या वरचा तीन मजली किंवा उंच इमारतीतला फ्लॅट. "म्हणजे पुन्हा विकायला गेलात तर शेजारच्या नव्या प्रकल्पाशी स्पर्धा," असं तो हळूच बोलला. हे फुकट सत्रात सांगितलं असतं तर अर्धा हॉल वडे खाऊन घरी गेला असता, ते त्यालाही माहीत होतं. त्याला मी पाचपैकी चार देते. त्याच्या साहेबांना द्यायला माझ्याकडे काही नाही.

कोणी जावं? मॉरिशसमध्ये आधीच नोकरी किंवा धंदा असलेल्याने जरूर जावं, प्रकल्पांची नावं आणि किमती एका जागी मिळतात. ज्यांना मुलांकडे राहायला जायचं नाही आणि निवृत्तीनंतर समुद्र हवा आहे त्यांनी आधी पंधरा दिवस भाड्याने राहून यावं. फुकट सत्र ठीक. पैसे भरायच्या आधी आपल्या सीएकडे जा. आमच्या घंटाळीच्या सीएने हे सगळं चहा पिता पिता वीस मिनिटांत सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत, उलट दुसरा चहा मागवला.

भाऊजींनी अजून ठरवलेलं नाही. जाऊबाईंनी ठरवलंय, पण ते त्या लिहू देणार नाहीत.

परताव्याचा अर्ज भेटीच्या दिवशीच दिला होता. पावतीच्या मागे छापलंय, असमाधानी असल्यास सात कामकाजाच्या दिवसांत संपूर्ण रक्कम परत. आज तेविसावा दिवस. फोन केला की मॉरिशसच्या समुद्राची गाज ऐकू येते आणि मग फोन कट होतो. पैसे आले तर इथेच खाली तारीख टाकून लिहीन, आणि तारेही एकाने वाढवीन.